तांदळाएवढी चिप

...आणि वर हॅल्वर आजोबा मलाच विचारतात, "कागदावर छापून पाहिलं होतंस का गं?" कागदावर! तुम्हाला सांगते, आमच्या अमेरिकेतल्या डुलूथ गावच्या म्हाताऱ्यांच्या हातात कागद दिला की त्यांना स्वर्ग मिळतो! पंधरा दिवसांवर माझी नोकरीची मुलाखत, 'स्वतः डिझाइन केलेला सर्किट बोर्ड घेऊन या' असं कंपनीने बजावलेलं, मी तळघरात पाणी शिरलं की बोंबलणारं यंत्र बनवतेय, आणि लायब्ररीत इलेक्ट्रॉनिक्सचा वर्ग घेणारे हे आजोबा कॉफी फुरकत म्हणतात, "टोवा, पोरी, बोर्डाचं चित्र खऱ्या मापात छाप, त्यावर एकेक भाग ठेवून बघ, मगच कारखान्याला पाठव." अहो, कशाला? अख्खं सर्किट कॉम्प्युटरवर चालवून पाहिलं होतं मी! पाणी आलं, भोंगा वाजला. पाणी गेलं, भोंगा गप्प! सिम्युलेशनमध्ये सगळं व्यवस्थित होतं!

न छापताच पाठवलं. मुलाखतीच्या आदल्या दिवशी बोर्ड आले. पाच. एक हवा असला तरी पाचच येतात... हिरवेगार, चकचकीत, माझं नाव छापलेले! चिप ठेवायला गेले, तर बोर्डावरची भोकं राजम्याएवढ्या चिपची आणि हातातली चिप तांदळाएवढी! पाचही बोर्डांवर! सिम्युलेशनमध्ये सगळं व्यवस्थित होतं हो, पण तिथे चिपला आकारच नसतो, हे कुणी सांगायचं? म्हणे, कागद त्यासाठीच होता. मग तसं सरळ सांगा ना!

काय करते? चिप मेलेल्या झुरळासारखी उताणी चिकटवली, तिच्या आठ पायांना केसाएवढ्या तारा सोल्डर केल्या, बोट भाजलं, आजोबांच्या नावाने खडे फोडले आणि गेले मुलाखतीला. समोरच्या बाईंनी भिंग काढलं. "हे काय?"

"सिम्युलेशनमध्ये सगळं व्यवस्थित होतं..."

बाईंनी यंत्राच्या पाणी हुंगणाऱ्या दोन तारांची टोकं पाण्याच्या ग्लासात सोडली. भोंगा असा बोंबलला की अख्खं ऑफिस दारात! बाई म्हणाल्या, "डिझाइन करणारे आमच्याकडे पोत्याने आहेत. त्यांनी चुकवलेले बोर्ड असे जोडणारं माणूस मिळत नाही. सोमवारी ये."

तर लागले नोकरीला. दुरुस्ती विभाग. चौघीजणी आहोत. माझ्याखालोखाल तरुण आहेत त्या अडुसष्ट वर्षांच्या. दिवसभर चष्म्यावरून बघतात आणि म्हणतात, "हात हलतोय गं तुझा."