पहिल्या नंबराची जीप

सिंधूताई : चहा सांगू नका, गफ्फारभाऊ. म्या बसाले नाही आली, भांडाले आली.

गफ्फार : भांडा ना ताई, पण सावलीत तं या. एका भिंतीचे शेजारी आपण. स्टँडवरचे सारे जीपवाले पाहून राह्यले.

सिंधूताई : पाहू द्या. त्याईच्यासाठीच मोठ्यानं बोलून राह्यली. माह्या नातीच्या, महामायाच्या पायाचं प्लॅस्टर निघालं, मालूम हाय ना?

गफ्फार : हाव, आमची पोरगी गुलनाज सांगत होती. शुक्र हाय.

सिंधूताई : कायचं शुक्र? पाय जुडला, भेव नाही गेलं. पोरगी दाराबाहेर निघत नाही. शायेत जाय म्हटलं की चौकट धरून रडते. हॉर्न वाजला की बाजेखाली! दुसरीतलं लेकरू, त्याले असं कोंडून किती ठेवू?

गफ्फार : ज्या जीपवाल्यानं तिले ठोकलं त्याले स्टँडवरून काढलं ना आम्ही?

सिंधूताई : एकाले काढलं, बाकीचे तसेच उडून राह्यले आपल्या गल्लीतून. सरपंचाले सांगतलं, तो म्हणे पाहू. आम्ही बायाईनं मुरूम टाकून ब्रेकर केला, तो तुमच्या पोट्ट्याईनं सपाट केला.

गफ्फार : उन्हाळ्यात तं गाड्या हळू चालत होत्या, ताई.

सिंधूताई : कारण आम्ही रस्त्यावर बाजा टाकून कुरोड्या सुकू घातल्या होत्या! खाण्याच्या जिनसीवरून चाक कसं न्यावं, म्हणे. वा रे वा! कुरोडीचा लिहाज, अन् लेकराचा नाही?

गफ्फार : मंग आताबी घाला.

सिंधूताई : या पावसात? मस्करी करू नका, भाऊ. म्या लय इचार केला. हे पोट्टे एवढे दामटतात काऊन? तुमच्या नंबरासाठी.

गफ्फार : तो तं स्टँडचा रिवाज हाय. जो पहिले आला, त्याची जीप पहिले भरते. म्या फक्त नंबर सांगतो.

सिंधूताई : अन् मोठ्या सडकीनं आलं तं फेरा पडते, म्हणून गल्लीतून घुसतात. खरं की नाही?

गफ्फार : खरं.

सिंधूताई : मंग आजपासून जो गल्लीतून येईल, त्याचा नंबर शेवटचा. बस. ना ब्रेकर पाहिजे, ना पोलीस.

गफ्फार : कोण मानंल, ताई? उद्याच दुसरा माणूस बसवतील या खुर्चीवर.

सिंधूताई : खुर्चीले भेता?

गफ्फार : भेतो. खोटं काऊन बोलू? नजर कमी झाली, गाडी चालवणं सुटलं. ही खुर्ची हाय म्हणून सकायी घरातून निघाले ठिकाण हाय. अन् दुसरी गोठ...

सिंधूताई : तुमचा आसिम.

गफ्फार : हाव. त्याच्यासारखी जीप गल्लीतून कोणीच पयवत नाही. आता निकाह ठरून राह्यला त्याचा. दुपारपर्यंत रिकामा बसवला तं बापाशी बोलणं सोडंल.

सिंधूताई : म्हणूनच ग्रामसभेत नाही बोलली, इथं आली. भाभी बिमार होती तवा त्याले म्याच न्हाऊ घातलं, जेवू घातलं. पण उद्या त्याच्याच चाकाखाली कोणी आलं तं?

गफ्फार : तोंडातून अभद्र काढू नका!

सिंधूताई : काढीन! तोंडातून निघालेलं बरं, रस्त्यावर झालेलं नाही. तुम्ही नाही म्हटलं तं उद्यापासून आम्ही बाया बाजा टाकून गल्लीत बसतो. कुरोड्या नसल्या तं आम्ही हावो. पाहू, कोण चाक नेते.

गफ्फार : तुम्ही बसानच. मले मालूम हाय.

(गल्लीच्या तोंडातून जीप येऊन करकचून थांबते.)

आसिम : सलाम, मावशी! अब्बा, पहिला नंबर ना आपला? संघपाल सडकीनं येऊन राह्यला बिचारा. द्या आवाज, खामगाव, खामगाव!

गफ्फार : गल्लीतून आला का बे?

आसिम : मंग? रोजच येतो.

गफ्फार : गाडी मागं लाव. संघपाल पहिला.

आसिम : तो तं दिसतबी नाही अजून!

गफ्फार : येईल. आजपासून गल्लीतून येणाऱ्याचा नंबर शेवटचा.

आसिम : हे मावशीनं शिकवलं काय?

सिंधूताई : हाव बापा, म्याच.

आसिम : सवाऱ्या उभ्या हायत, अब्बा! सारे हासतील मले. तुमचा पोरगा असून...

गफ्फार : पोरगा हाय म्हणूनच. तुह्यापासून सुरू नाही केलं तं दुसऱ्याले कोणत्या तोंडानं सांगू? ज्याले मंजूर नसंल, त्यानं खुशाल माही खुर्ची न्यावी.

आसिम : म्या नाही बोलत तुमच्याशी!

गफ्फार : नको बोलू. दुपारपर्यंत रिकामा हाय ना? महामायाले शायेत सोडून ये. पायी.

आसिम : म्या?

सिंधूताई : राहू द्या, भाऊ. जीपवाला पाहून पोरगी अजून भेईल.

आसिम : मावशी... मले भेते ते?

सिंधूताई : तुह्या हॉर्नले भेते, बापा. ओळखते ते.

आसिम : ही घ्या चाबी, अब्बा. चाला, मावशी. आली नाही तं बसतो तिच्यापाशी.