तीन सुतांचा उतार

—नाही नाही, तसलं नका घेऊ ताई. मोठ्या दुकानात खोक्यात बांधून देतात, घरी नेऊन आपणच पिळायचं, आपणच ठोकायचं — दिसायला गुळगुळीत, मान्य. पण आत काय? लाकडाचा भुसा, डिंकात कालवून दाबलेला. त्यात कपडे ठेवा, बाहुल्या ठेवा, मी काही म्हणणार नाही. पण गाण्याच्या तबकड्या? एक हातात घेतली की वाटतं, हिचं कसलं वजन — आणि हातभर रांग उचलायला जा, कंबर धरते. वर्षभरात फळीला पोट येतं. स्क्रू भुशातनं सुटतात. मग तुम्ही परत माझ्याकडेच येणार, आणि मी म्हणणार, सांगितलं होतं — मला आवडत नाही असं म्हणायला. बसा ना, त्या ठोकळ्यावर बसा, भुसा झटका आणि बसा. स्वस्तात हवंय ना? मग त्यात लाजायचं काय? कारखान्यात यंत्रं येतात, त्या यंत्रांची लाकडी खोकी फेकून देतात. ते लाकूड आहे माझ्याकडे. वरनं खडबडीत, खिळ्यांची भोकं, काळे डाग — पण रंधा मारला की आत असं पिवळंधमक निघतं, की तुम्हीच विचाराल, हे नवं आणलं का. त्याचं करू. दारं नकोत, काच नको, नक्षी तर नकोच नको. चार खण खाली, चार वर, पाठीला पातळ पत्रा लाकडाचा — पाठ ठोकली की कपाट डुलत नाही.

आणि एक गोष्ट पक्की, ती तुम्ही नको म्हणालात तरी मी करणार — दर वीतभरावर एक उभी फळी. तबकडी सरळ उभी राहिली पाहिजे, सैनिकासारखी. कलली की संपली. आज कलते, उद्या आणखी कलते, हळूहळू अंग टाकते. आणि एकदा वाकली ना, की काही उपाय नाही. लोक उन्हात ठेवतात, पुस्तकांखाली दाबतात — दिसायला सरळ होते, पण आतली रेघ तुटलेली असते. सुई उडते. गाणं मेलं ते मेलं. हे मला इतकं नक्की कसं ठाऊक? — ठाऊक आहे. असू दे.

द्या बघू पिशवीतली एक इकडे. तोंडी माप मी घेत नाही. मला लिहिता-वाचता येत नाही, आकडा सांगाल आणि मी विसरेन, त्यापेक्षा वस्तूच काठीला लावायची आणि काठीवर खाच पाडायची. त्या भिंतीवर बघा — आयुष्यभराच्या काठ्या. प्रत्येक कामाची एक. कुणाचा पाळणा, कुणाचं देवघर, कुणाची शेवटची खाट. आणि फळ्या जुळवल्या की वर पेन्सिलीनं असा त्रिकोण काढायचा, टोक वरती, म्हणजे वेगळ्या केल्या तरी कोणती कुठली ते कळतं. ही माझी सही समजा. बायकोलाही अक्षर येत नव्हतं, तर कुठं सही मागितली की तीही त्रिकोणच काढायची. पण नेहमी उलटा! टोक खाली. किती वेळा सांगितलं, अगं, अशानं फळ्या डोक्यावर उभ्या राहतील. ती म्हणायची, तुमच्या त्या फळ्या, माझी ही सही — सारखी कशी असेल? आता बोला.

आणा — ही — थांबा जरा.

ही वाकलीय.

नाही, दाखवू नका, दिसतंय मला. बोट फिरवलं की कळतं. एकाच अंगाला वाकलीय, आणि वरच्या कडेला ऊन लागलंय. सगळ्या अशाच? सगळ्याच्या सगळ्या? कुठल्या कपाटात होत्या? — उंच. काचेची दोन दारं. खिडकीसमोरच्या भिंतीला. वर वेल कोरलेली. ताई, त्या वेलीला पानं किती होती? मोजली नाहीत कधी? मी सांगतो. सात आणि एक अर्धं. आठवं कोरायला घेतलं आणि माझा हात थांबला. त्यांना म्हटलं, मालक, ही पद्धत असते, एक पान अर्धं सोडायचं. ते म्हणाले, वा वा.

तुमचे कोण ते? — आजोबा. हं. म्हणजे तू त्यांची नात. तू म्हणतो आता, राग नको मानू, इतकी जुनी ओळख निघाल्यावर तुम्ही-तुम्ही जमत नाही. गेले? कधी? मागच्या थंडीत. बरं. मला कुणी कळवलं नाही. कळवलं असतं तर आलो असतो — कपाट बघायला. कपाट काकांनी नेलं? आणि तुझ्या वाट्याला या वाकड्या तबकड्या? बघ म्हणजे, घरातल्या घरातसुद्धा त्यांनी सरळ वाटणी केली नाही.

जाऊ नकोस. बस. आता आलीच आहेस तर ऐक. ती काठी काढ बरं, वरनं तिसरी, काळी पडलेली — हां. तुझ्या आजोबांच्या कपाटाची आहे. इतकी वर्षं मी ती जाळली नाही. आता बघ, फळीच्या एका टोकाची खाच इथं. आणि दुसऱ्या टोकाची ही बघ. बोट लाव. खाली आहे ना? किती खाली? तीन सूत. तुझ्या करंगळीची जाडीसुद्धा नाही. डोळ्यांना दिसत नाही, पाण्याची पेलाभर धार ओतशील तरच कळेल. चार हात लांब फळी, मध्ये एकही उभी फळी नाही — आजोबा म्हणाले, मध्ये फळ्या का नाहीत? मी म्हटलं, मालक, सलग रांग शोभून दिसते. ऊन येतं त्याच भिंतीला ठेवा, काच चमकते. तेही मीच सांगितलं. घाई नव्हती मला. रागाच्या भरात माणूस दगड मारतो, काच फुटते, पोलीस येतात, संपलं. मी तसला नाही. मी मुंगीला बाजूला करून रंधा चालवणारा माणूस, विचार कुणालाही. मी फक्त तीन सूत दिले, बाकी सगळं त्यांच्या तबकड्यांनी आपल्या वजनानं करायचं होतं. रोज दुपारी ऊन आलं की मी हातातलं काम थांबवायचो आणि मनात म्हणायचो, आता कलल्या असतील केसभर. आणि उताराच्या टोकाला जी शेवटची असेल, भिंतीला चेपलेली, तिच्यावर सगळ्यांचं ओझं — तिचं काय होत असेल, या विचारानं मला गोड झोप लागायची. खरं सांगतो. पोटभर जेवल्यासारखी झोप.

का? तू विचारणारच. तुझ्या आजोबांची गाण्याची कंपनी — कंपनी कसली, वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या — तिच्या भिंतींना आतनं लाकूड मी लावलं, आवाज घुमू नये म्हणून. बायको दुपारचा डबा घेऊन यायची. मी जेवायचो, ती खिडकीशी बसून गुणगुणायची. तिच्या आईचं गाणं, आईनं मुलीला झोपवताना म्हणायचं, दुसऱ्या कुणाला येत नव्हतं. आजोबांनी दारातून ऐकलं. म्हणाले, यंत्रासमोर म्हणाल का? ती लाजून लाल. मीच म्हटलं — मीच — म्हण गं, तुला कोण खातंय. तीन दिवस सकाळी गेली, धुतलेलं लुगडं नेसून. तिथं रीतच होती, ज्यानं गायलं त्याची सही एका गोल पांढऱ्या कागदावर घ्यायची, आणि पहिली तबकडी निघाली की तो कागद तिच्यावर चिकटवायचा. घरी येऊन हसत सांगते, सही मागितली हो माझी, मी तुमचा त्रिकोण ठोकून दिला. मी म्हटलं, उलटाच ना? म्हणे, उलटाच.

महिना गेला. दोन गेले. मी विचारलं तर आजोबा म्हणाले, उमटलंच नाही. तबकडी निघालीच नाही. तुमच्या बायकोचा आवाज पातळ आहे, यंत्राला धरता येत नाही. मी घरी येऊन सांगितलं. आणखी कोण सांगणार? ती म्हणाली, असेल. आणि मग एक दिवस आम्ही दोघं बाजारातनं येतोय, न्हाव्याच्या दुकानात रेडिओ लागलेला, आणि त्यात तेच गाणं. शब्द तेच, वळण तेच, तिची आई जिथं श्वास घ्यायची तिथंच श्वास. गाणारी दुसरी. आजोबांची मेहुणी, मागून कळलं. बायको तिथंच उभी राहिली, हातात पिशवी. संपेपर्यंत ऐकलं. आणि म्हणाली, बरी गातेय हो. बस. एवढंच. त्यानंतर घरात गुणगुणणं नाही. पोरं झाली, पोरांना थोपटून झोपवायची — मुकी. मरेपर्यंत. एक शब्द तक्रारीचा नाही, माझ्याकडे एकदा वाकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं. आणि त्याच साली आजोबांनी मला बोलावलं, म्हणाले, एक झकास कपाट करा.

रडू नकोस. तुझा काय दोष. तरी खरं सांगू? मघाशी तू कुणाची कोण हे कळलं, तेव्हा हात शिवशिवला. म्हटलं, हिलाही तीन सूत द्यावेत, हिच्या पोरांपर्यंत पुरतील. अजून ठरलेलं नाही माझं. खोटं कशाला बोलू.

काय शोधतेस पिशवीत? — आजोबांची आवडती? कशाला दाखवतेस मला, मला त्यांच्या आवडीशी काय — रोज लावायचे? एकटेच, दार लावून? आणि पुढं सुई उडायला लागली, तर हातात घेऊन नुसते बसायचे? हं. बसू देत. हेच हवं होतं मला. कुणाला म्हणून लावू द्यायचे नाहीत? कुठं ठेवायचे? — अगदी टोकाला. भिंतीकडे. सगळ्यांच्या मागे. कुणाला दिसू नये म्हणून.

दे इकडे.

हिच्यावर बाकीच्यांसारखं छापलेलं चित्र नाही. पांढरा कागद आहे. गोल. दिव्याखाली धर जरा, माझे डोळे — पेन्सिल आहे का ती? पोरी, मला नीट सांग, मी धरलंय ते सुलटं धरलंय ना? हा जो इंग्रजी आकडा छापलाय बारीक, तो सरळ आहे ना? सरळ आहे. मग टोक खाली आहे.

टोक खाली आहे.

उमटलं होतं. म्हणजे उमटलं होतं. आणि त्यानं ऐकलं. दार लावून, वर्षानुवर्षं ऐकलं — आणि मी एकदाही नाही, पोरी, एकदाही नाही — आणि मी इथं बसून, दुपारी, ऊन आलं की — शेवटची, भिंतीला चेपलेली —

नको. तू म्हणतेस तो तबकड्या सरळ करणारा माणूस असेल हुशार, असतील त्याच्याकडे दोन काचा आणि गरम पेटी. मघाशी काय सांगितलं मी तुला? मेलं ते मेलं. मला नको सांगूस, मीच केलंय ते, माझं काम मला माहीत आहे. चोख होतं.

ती काठी दे. नाही, ती नाही, ती चुलीत घाल जाताना. नवी दे. दर वीतभरावर उभी फळी. तळ पाण्यासारखा सपाट, तू स्वतः गोळी ठेवून बघ, घरंगळली तर कपाट माझ्या अंगावर फेक. आठ दिवसांनी ये. बाकीच्या सगळ्या उचल, पिशवीत घाल, उभ्या घाल.

ही नाही. ही इथं राहील.

हात काढ, पोरी. जा आता. दार ओढून घे.