कानाला लावलेला स्क्रूड्रायव्हर

तुम्हाला खरं वाटणार नाही, पण ऐका. आकुर्डीत पोरांना कॉम्प्युटर शिकवायच्या आमच्या मोफत क्लासचा एकुलता एक कॉम्प्युटर दहा मिनिटांत तापून बंद पडायचा. मी जाहीरच केलं, "नवा मिळेपर्यंत क्लास बंद."

शेजारचे कांबळेकाका, जन्मभर कंपनीत मशिनी दुरुस्त केलेला माणूस, म्हणाले, "थांब की जरा." त्यांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू कॉम्प्युटरच्या डब्याला टेकवलं आणि त्याची मूठ स्वतःच्या कानाला. मला हसूच आलं, राव.

"आतला पंखा अडकतोय. बाकी तब्येत ठणठणीत."

पंख्याची धूळ काढून त्यांनी शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडला. दोन तास झाले तरी कॉम्प्युटर चालूच. मी बघतच राहिलो.

"काका, कॉम्प्युटर शिकलात कुठं?"

"कुठं शिकलो? आज पहिल्यांदाच हात लावला. तुझ्या क्लासला म्हाताऱ्यांना घेतोस का?"