पाचातले चार, दहातले सहा

काकू, आणि अहमदपूर, नायगावहून सरांसाठी धावत आलेल्या सगळ्यांनो, मी सुनंदा. वाघमारे सरांच्या हाताखाली संख्याशास्त्र शिकले. सरांच्या शोकसभेत आज बोलायला उठले, ते एका कारणासाठी. एक गोष्ट मी आजवर लपवली.

मघाशी कुणीतरी म्हणालं, सर लई मोठे, फक्त दवाखान्यांच्या पाहणीत चुकले. ती पाहणी आठवते? गावोगाव विचारायचं, आरोग्य उपकेंद्रावर तुम्ही किती समाधानी? अहमदपूरकडच्या फॉर्मवर पाचपैकी गुण, नायगावकडच्या फॉर्मवर दहापैकी. दोन्ही एकत्र करायचे होते. पाचवाले सरळ दुप्पट केले, झालं! त्यात नायगावकडचं एक उपकेंद्र तळाला गेलं आणि तिथल्या सिस्टरच्या बदलीचा कागद निघाला.

सर म्हणाले, "चल, माणसांनाच विचारू." मला जीपमध्ये कोंबून नेलं. तिथल्या एका आजीला दोन्ही प्रश्न विचारले. पाचात विचारलं, चार म्हणाली. दहात विचारलं, सहा. मी म्हणाले, आजी, चाराचे आठ होतात की. तर म्हणे, "व्हत असतील तुझ्या कागदावर. सिस्टर चांगली हाय म्हणून तर सहा देऊन राहिले. त्याच्या वर कुनी देतं का?" सर इतके हसले! मग दोन्हीकडच्या बऱ्याच लोकांना दोन्ही प्रश्न विचारले. कुठला चार कुठल्या सहाशी जुळतो, ते त्यांच्याच उत्तरांवरून बसवलं. सर म्हणायचे, "मनातलं समाधान एकच असतं गं, मोजायच्या पट्ट्या वेगळ्या." सिस्टरची बदली थांबली.

पुढं बैठकीत आरोग्य खात्याच्या साहेबांनी विचारलं, हा घोळ कुणाचा? सर म्हणाले, माझा. त्यानंतरच्या पाहण्या त्यांच्याकडून काढून घेतल्या. मी शेजारीच बसले होते. माझा प्रबंध तोंडावर आला होता. गप्प राहिले. बाहेर येऊन रडायला लागले, तर सर म्हणाले, "आधी चहा घे. मग प्रबंध पूर्ण कर."

काकू, ते गुण दुप्पट मी केले होते. सर रजेवर होते. त्यांना न दाखवताच मी अहवाल पाठवला. ते हयात असताना हे चारचौघांत सांगायची हिंमत झाली न्हाई. मला माफ करा.

बाहेर कुणी सरांची चूक काढली, तर माझं नाव सांगा. आता उभे राहू या. दोन मिनिटं, फक्त सरांसाठी.