पातेलं की निर्वासितांना साड्या?

मला राजकारणात कुणी आणलं, असं विचारता ना? एका भांडेवालीनं. हसू नका, ऐका.

एकाहत्तर साल. पूर्व बंगालमधून निर्वासितांचे लोंढे येत होते आणि आम्ही कॉलेजच्या मुली त्यांच्यासाठी नाशिकरोडला दारोदार कपडे गोळा करत होतो. जाधवकाकूंच्या ओट्यावर जुन्या साड्यांचा चांगला ढीग होता, पण माझ्याआधीच तिथं भांडेवाली बसलेली. साड्यांच्या बदल्यात ती स्टीलचं पातेलं देत होती.

काकू मला म्हणाल्या, "ही पातेलं देते. तू काय देतेस?"

"काही नाही," मी म्हटलं. "पण काकू, तिथल्या बायका नेसत्या साडीनिशी आल्यात. ती धुवायला काढली, तर नेसायचं काय?"

काकूंनी सगळा ढीग माझ्याकडे सरकवला. तशी भांडेवाली उसळली, "ए पोरी, त्यांचं अंग झाकशील, पण माझ्या पोटाचं काय?"

बरोबरच होतं तिचं. मी तिथंच तोड काढली, "मावशी, धडक्या साड्या आमच्या, विरलेल्या तुमच्या. सगळी गल्ली बरोबर फिरू."

तिनं पुटपुटत का होईना, टोपली उचलली. पुढच्या दारातल्या बाईनं आम्हा दोघींना एकत्र बघून विचारलं, "पातेलं नक्की कोण देणार?"

"पातेलं मी देते," मावशी म्हणाली. "ही नुसती बोलते अन् चांगल्या साड्या घेऊन जाते. हिला इलेक्शनला उभी करा!"