बंगल्याची लाइन

मी गयाबाई. माहेर शिरूर अनंतपाळाकडचं, सासर हितं लातुरात. मालक नळखात्यात होते, चावी घेऊन गल्लोगल्ली पानी सोडायचं त्येंचं काम, अन् ऱ्हायला आमाला खोली बंगल्याच्या मागं. बंगला म्हंजी निजामाच्या टायमाचा, नळखात्याच्या मोठ्या सायबासाठी बांधलेला, हातभर जाड भिंती, अन् टाकीवरून सरळ बंगल्यात आलेली येक लाइन. ती लाइन कवाच बंद करायची न्हाई, असा तवापासूनचा रिवाज. गावाला पानी सुटो न्हाईतर न सुटो.

मग लातूर जिल्हा झाला, अन् त्याच वक्ताला दुष्काळ. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, तसं झालं बगा. नवे हाफिस, नवे सायब, त्येंना जागा कुठं हाय, मग आमच्या बंगल्यात नळखात्याचा सायब जाऊन जिल्ह्याचे येक मोठे सायब आले. पाव्हण्यांची ये-जा लई, म्हून म्होरचं गवत हिरवं पायजे. ते काम माझ्याकडं. सकाळ-संध्याकाळ पाइप धरून गवताला पानी घालायची मी.

मपली माय तवा गावाकडं होती. तिथली हीर आटली तशी म्हनली, जावई पान्याच्या खात्यात, तिथं कशी मरन म्या तहानंनं. अन् आली. खोलीवर पाव्हणं ठिवायची परवानगी न्हवती, म्हून भिंतीपल्याड आपल्याच बौद्धवस्तीत तिला पत्र्याची खोली बघून दिली. काय सांगू तुम्हाला, भिंतीच्या आल्याड मी गवत भिजवायची अन् पल्याड माय ओढ्यात झिरा उकरून वाटीवाटीनं घागर भरायची.

सायबाची बाई मनानं चांगली होती. म्हनली, गयाबाई, आईपुरती येक घागर नेत जा, पन वस्तीला नको सांगू, साहेब मला बोलतील. नेली मी. बाया दारात उभ्या राहून बघत होत्या. मायनं इचारलं, हे समद्यांसाठी हाय का. म्हनलं न्हाई, तुझ्यापुरतं. तिनं घागर उचलून पुन्ना माझ्या डोक्यावर ठिवली, म्हनली, महाडच्या तळ्यावर आपली मान्सं गेली ती येकट्याच्या घागरीसाठी न्हाई, ने माघारी. मी लई भांडले. म्हनलं, माय, असल्या बोलन्यानं तहान जाती व्हय. ती हासली अन् रिकामी घागर घेऊन झिऱ्याकडं निघाली.

मालकाला म्हनलं, वस्तीकडं फिरवा की चावी. ते म्हनले, चावी हातात हाय गं, हुकूम न्हाई. बाईला म्हनलं, ती सायबाला बोलली, सायब म्हनले वरून ठरतंय. वर कोन बसलंय ते मला काय ठावं. मी आपली गवताला पानी घालत राहिले.

झिऱ्याच्या पान्यानं मायला हगवण लागली. सरकारी दवाखान्यात नेलं, सलाईन लावली, पन अंगात कायच राहिलं न्हवतं तिच्या. गेली.

बाईला कळलं तसं तिनं मयताच्या आंघोळीसाठी बंगल्यातून पिंप भरून पाठवलं. मागचं फाटक बी उघडलं त्या दिशी. त्या पान्यानं मी मायला न्हाऊ घातलं. नको म्हनायला ती न्हवती. उरलेलं पानी वस्तीतल्या बायांनी वाटून घरोघर नेलं, कुनी कुनाला अडवलं न्हाई.

आता मालक बी न्हाईत. बंगल्याला कुलूप हाय, लाइन गंजली. मी लेकाकडं त्याच वस्तीत ऱ्हाते अन् टँकरची वाट बघते. राग तरी कुनावर धरू. बाई वाईट न्हवती, मालक वाईट न्हवते, माय तर न्हवतीच न्हवती. इतक्या वर्सांनी बी हिरवं गवत दिसलं की मी तोंड फिरवते.

घ्या, पिऊन टाका समदं, गिलासात पानी ठिवू नका. तुमची माय हाय ना. तिला जित्तेपनी पानी मिळो, येवढंच म्हनते.