भाऊ विरुद्ध जावा

अगं, गणपतीपासून माझा आणि थोरल्या जाऊबाईंचा, म्हणजे ताईंचा, अबोला होता. तरी नेरूळहून पोराबाळांसकट सगळे मिळून इगतपुरीकडच्या डोंगरातल्या तळ्यावर गेलो. नवऱ्यांनी पॅडल बोटीची शर्यत लावली, भाऊ विरुद्ध जावा! बोट वळवायचा मधला दांडा मी एकीकडे ओढतेय, त्या दुसरीकडे. बोट जागीच गोल गोल! नवरे लांबून खिदळत होते.

शेवटी ताई ओरडल्या, "अगं, उजवीकडे घे!"

म्हटलं, "घेते, तुम्ही पाय मारा!"

मग काय, असे पाय मारले की आता वळताना "तू वळव, तू वळव" करत भांडणाऱ्या भावांच्या शेजारून सुसाट निघालो. काठाला लागताच ताईंनी मला मिठी मारली आणि नवऱ्यांना ओरडून सांगितलं, "पोरं सांभाळा! आम्ही दोघी डोंगर चढून येतो!"